माऊचा खाऊ, म्हावऱ्याचा : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

गेल्या अंकात मांजरांच्या घरगुती खाऊबद्दल प्रश्न मागवले होते. पत्रे आली ती बहुतेक किनाऱ्यावरची, अलिबागपासून वेंगुर्ल्यापर्यंतची, आणि जवळजवळ प्रत्येकाच्या मनात मासाच होता. सारखे प्रश्न एकत्र करून, पत्रे थोडी आटोपशीर करून इथे घेतली आहेत. उत्तरे देताना एक गोष्ट गृहीत धरली आहे : हा खाऊ आहे. मांजराचे रोजचे जेवण वेगळे आणि पूर्ण असले पाहिजे.

प्रश्न : घरी दोन मांजरे आहेत, ओटीजी आहे आणि बांगडा वर्षातले बरेच महिने चांगला मिळतो. कणकेत बांगडा कुस्करून बिस्किटे केली, पण ती दगडासारखी झाली. नीट कृती सांगाल का? (रत्नागिरी)

उत्तर : कणकेतला चिकटपणा मळताना ताणला जातो आणि भाजल्यावर आवळून बसतो. त्यात पीठ जास्त आणि मासा कमी असला की दगड होणारच. मांजर पक्के मांसाहारी, त्याला पिठाची गरज नाही. पीठ घ्यायचे ते मासा बांधून ठेवण्यापुरते. त्यासाठी आपल्याकडे तांदळाच्या उकडीसारखे दुसरे काही नाही. मोदकाला काढतो तशीच उकड, फक्त पाण्याच्या जागी माशाचा रस.

साहित्य : साधारण १५० ग्रॅमचे तीन बांगडे, भाकरीचे बारीक तांदळाचे पीठ ८० ग्रॅम, माशाचा रस ८० मिली, लाटताना भुरभुरायला चमचाभर पीठ. मीठ, हळद, तेल, साखर, खायचा सोडा यांतले काहीही घालायचे नाही.

बांगडा बर्फातला घ्या आणि घरी येईपर्यंत थंड ठेवा. बांगडा, तारली, कुपा या माशांच्या मांसात हिस्टिडीन नावाचे द्रव्य भरपूर असते. मासा उन्हात किंवा ओट्यावर राहिला की जिवाणू त्याचे हिस्टामीन हे बाधणारे द्रव्य करतात, आणि एकदा तयार झालेले हिस्टामीन शिजवून, भाजून, गोठवून जात नाही. म्हणून ‘आपल्याला नको, मांजराला चालेल’ असा नरम पडलेला बांगडा खाऊला वापरू नका. कल्ले लाल, डोळा फुगीर आणि चकचकीत, पोट घट्ट, बोटाने दाबले तर खळगा भरून येणारा, असा मासा हवा.

डोके, कल्ले, पोटातली घाण काढून मासा धुवा. काठ असलेल्या थाळीत ठेवून मोदकपात्रात ८ ते १० मिनिटे वाफवा. थाळी जाळीची नको, कारण माशातून सुटणारा रस आपल्याला हवा आहे. मांजराला टॉरिन नावाचे द्रव्य अन्नातून मिळावेच लागते, त्याचे शरीर ते पुरेसे बनवत नाही. टॉरिन पाण्यात विरघळते. मासा उकळून पाणी ओतून दिले की त्यातले बरेच मोरीत जाते. टॉरिन दीर्घकाळ कमी पडले तर डोळ्याचा पडदा आणि हृदयाचा स्नायू यांना इजा होते. हृदयाशी असलेला हा संबंध १९८७ साली अमेरिकेत स्पष्ट झाला, आणि त्यानंतर तयार मांजरखाद्यांत टॉरिनचे प्रमाण वाढवले गेले. तेव्हा थाळीतला रस वाटीत गाळून घ्या आणि कमी भरला तर पाणी घालून ८० मिली करा.

मासा कोमट झाला की काटे काढा. बांगड्याचा मधला कणा सहज निघतो. पोटाकडचे बारीक काटे आणि पाठीच्या कडेची ओळ बोटांनीच शोधावी लागते. गर ताटात पातळ पसरून उजेडात पुन्हा एकदा चाचपा. गर साधारण २०० ग्रॅम निघतो. काळपट मांस आणि कातडी ठेवायला हरकत नाही, वास तिथेच असतो.

रसाला उकळी आली की आच मंद करून पीठ एकदम घाला, ढवळा, झाकण ठेवून दोन मिनिटे वाफ द्या. उकड गरम असतानाच गर घालून परातीत तळहाताने रगडून मळा. गोळा मोदकाच्या पारीइतका मऊ झाला पाहिजे. दोन बटर पेपरांमध्ये ठेवून अर्धा सेंटिमीटर जाडीचे लाटा आणि शंकरपाळ्यांच्या कातणाने सेंटिमीटरभर चौकोन पाडा. तुकडे वेगळे करत बसू नका. कागदासकट ट्रेवर सरकवा, अर्धवट भाजल्यावर ते आपोआप सुटतात.

ओटीजी १० मिनिटे तापवून १६० अंशांवर २० मिनिटे, दोन्ही रॉड चालू ठेवून भाजा. बाहेर काढून तुकडे सोडवा आणि हलवून पसरा. मग तापमान १०० अंशांवर आणून, दारात लाकडी उलथन्याची दांडी अडकवून फट ठेवा आणि एक ते सव्वा तास वाळू द्या. फट नसेल तर वाफ आतच कोंडते आणि बिस्किटे वाफवली जातात.

झाले की नाही हे रंगावरून ठरवू नका, वजनकाटा वापरा. कच्चा गोळा साधारण ३६० ग्रॅम भरतो. वाळलेला सगळा माल १५० ग्रॅमच्या आसपास उतरला पाहिजे. २०० च्या वर असेल तर आत ओल आहे. असा मऊ खाऊ मांजरे आवडीने खातात, म्हातारी मांजरे तर जास्तच, पण तो फ्रीजमध्ये ठेवून तीन दिवसांत संपवावा लागतो.

प्रश्न : आमच्याकडे ओव्हन नाही. गॅसवर होईल का? काही जण कुकरमध्ये करतात म्हणे. (गुहागर)

उत्तर : होईल. जाड बुडाच्या लोखंडी किंवा ॲल्युमिनियमच्या कढईत जाड मिठाचा सेंटिमीटरभर थर द्या, त्यावर बैठी जाळी किंवा कडी ठेवा आणि घट्ट झाकण ठेवून मध्यम आचेवर १० मिनिटे तापवा. थाळीत बटर पेपर पसरून तुकडे एकाच थरात मांडा आणि मंद आचेवर २५ ते ३० मिनिटे ठेवा. पहिल्या १० मिनिटांनंतर झाकण किंचित सरकवून ठेवा. उलटून पुन्हा १० मिनिटे. मीठ फक्त उष्णता धरायला आहे, ते तुकड्यांना लागता कामा नये. थंड झाल्यावर तेच मीठ बरणीत भरून पुढच्या वेळी वापरा.

कढईत भाजून होते, वाळत मात्र नाही. ते काम नंतर बिडाच्या तव्यावर करा : अगदी बारीक आच, मधूनमधून हलवणे, २० ते ३० मिनिटे. फेब्रुवारी ते मे या काळात कडक ऊन असेल तर भाजलेले तुकडे पातळ फडक्याखाली दिवसभर उन्हात घालता येतात. माशा आणि कावळे यांच्यापासून झाकणे आलेच. कच्चे मिश्रण थेट उन्हात वाळवू नका.

कुकर करायचाच असेल तर रबर आणि शिट्टी दोन्ही काढून करतात, पण पाण्याविना तापवून कुकर खराब होतो आणि त्याची खोली जास्त असल्याने वाफ वर अडकते. कढई बरी.

प्रश्न : आमची आई म्हणते, “मांजराक कसला शिजवून घालतस?” लहानपणापासून मांजरांना कच्चे पेडवेच टाकलेले पाहिले आहेत. मग वाफवायचा, भाजायचा खटाटोप खरंच लागतो का? (मालवण)

उत्तर : आई सांगतात ती मांजरे दिवसभर बाहेर असत. उंदीर, पाली, पाखरे, टोळ असे काय काय खात, आणि पेडवा त्यात एक. एखादा कच्चा तुकडा पोटात गेला म्हणून घाबरण्याचे कारण नाही. आताचे घरात राहणारे मांजर मात्र आपण देऊ तेवढेच खाते, म्हणून त्यातली उणीव भरून यायला दुसरी वाट नाही.

पेडवे, तारली, मांदेली यांच्या कुळातल्या बऱ्याच माशांत थायामिनेज नावाचे विकर असते. ते ब-१ जीवनसत्त्व तोडते. मांजराला ब-१ ची गरज मोठी आणि शरीरातला साठा छोटा, त्यामुळे कच्चा मासा नेमाने मिळत राहिला तर काही आठवड्यांत भूक मंदावते, लाळ गळते, चाल डगमगते, मान खाली छातीकडे झुकते, पुढे झटके येतात. लवकर ओळखले तर ब-१ च्या इंजेक्शनाने मांजर सावरते, म्हणून मान झुकलेली दिसली की वाट पाहू नये. हे विकर शिजवल्यावर निकामी होते. शिवाय पोटातल्या घाणीत ते जास्त असते, तिथेच जंतही असतात. म्हणजे पोट साफ करणे आणि वाफवणे या दोन कामांत बराचसा धोका संपतो.

काट्यांचे उलटे आहे. कच्चा काटा लवतो, शिजलेला कडक होऊन टोचतो. पेडवे-मांदेलीसारख्या मऊ काट्याच्या माशाला एक उपाय आहे. साफ केलेले मासे थोड्या पाण्यात कुकरला लावा, पहिल्या शिट्टीनंतर मंद आचेवर ३० मिनिटे ठेवा आणि गार झाल्यावर एक कणा काढून बोटांत चुरडा. पीठ झाले तर सगळे काट्यांसह मिक्सरमधून काढा. टोचले तर आणखी १० मिनिटे. त्यातले पाणी वर सांगितलेल्या उकडीला वापरा. करली मात्र या कामाला घेऊ नका, तिचे काटे असंख्य आणि दुहेरी असतात, एखादा राहतोच.

कोणता मासा, हेही बऱ्याच जणांनी विचारले आहे. खाऊला आमची पहिली पसंती ढोमा, राणी, लेपा, मुडदुशी अशा कमी तेलाच्या, स्वस्त माशांना. खाऊ टिकतो आणि पचायला हलका. बांगडा, तारली यांना वास छान, पण ते तेलकट. तेलकट मासाच रोज आणि भरपूर मिळाला आणि ई जीवनसत्त्व कमी पडले तर मांजराच्या कातडीखालच्या चरबीला सूज येते, अंगाला हात लावू देत नाही. म्हणून आठवड्यातून दोन-तीन दिवस बांगड्याचा, बाकी दिवस दुसरा. सुरमई, कुपा, मुशी हे मोठे शिकारी मासे. त्यांच्या अंगात पारा साठत जातो. घरात आणलेल्या सुरमईतला एक तुकडा दिला तर ठीक, मुद्दाम त्यांचा खाऊ करू नये. बोंबलात पाणी फार, गर वाफवून फडक्यात दाबून घेतल्याशिवाय गोळा लाटता येत नाही. कोळंबी चालते, साल आणि पाठीचा दोरा काढून वाफवलेली.

प्रश्न : जेटीवर जाळी झाडताना उरलेले बारीक मिश्र मासे मांजरासाठी म्हणून फुकट मिळतात. ते सरसकट कुकरला लावून वाटले तर? (नाव-गाव नाही)

उत्तर : सरसकट नको. त्यात केंड मासा असू शकतो, डिवचल्यावर फुग्यासारखा फुगणारा, चोचीसारख्या दातांचा. त्याच्या काही जातींत जे विष असते ते शिजवून नष्ट होत नाही. माणसालाही ते जीवघेणे ठरते, चार किलोच्या मांजराची काय कथा. मेल्यावर केंड फुगलेला नसतो, त्यामुळे ढिगात तो साधा मासा वाटतो. खवल्यांऐवजी चामड्यासारखी किंवा बारीक काट्यांची खरखरीत कातडी आणि बोथट तोंड दिसले की बाजूला काढा. ओळखता येत नाही तो मासा टाकून द्या. शिंगाळ्याच्या पिलांचे काटेही याच ढिगात असतात, ते कुकरमध्ये मऊ होत नाहीत. एक तर तुमच्या ओळखीचा मासा निवडून घ्या, नाहीतर पन्नास रुपयांचे ढोमे विकत घेतलेले बरे.

प्रश्न : घरात सुके बोंबील, जवळा, खारा बांगडा असतो. त्याची पूड करून बिस्किटे करता येतील का? (हर्णै)

उत्तर : खारा बांगडा अजिबात नको. तो मिठातच मुरवलेला असतो, कितीही भिजवला तरी मांजराच्या मानाने खारटच राहतो. जवळ्यात वाळू असते आणि पुष्कळदा मीठही. फार धुवावा लागतो आणि धुतल्यावर उरते थोडे.

सुके बोंबील उपयोगी आहेत, बिनमिठाचे असतील तर. वलांडीवर टांगून नुसत्या वाऱ्या-उन्हात वाळवलेले बोंबील मिळतात. घेताना विकणाऱ्या मावशींना विचारा आणि घरी एक तुकडा जिभेला लावून पाहा. रंग पांढुरका-पिवळसर हवा. लालसर झालेला, तेलकट वासाचा, भुरकट ठिपक्यांचा घेऊ नका. कात्रीने डोके, शेपूट, पर काढा, कोमट पाण्यात १५-२० मिनिटे भिजवा, ते पाणी ओता (यात टॉरिन जाते हे खरे, पण वाळू आणि उरलेसुरले मीठ घालवायला दुसरा मार्ग नाही), पुसून सेंटिमीटरभर तुकडे करा. १२० अंशांवर ३० ते ४० मिनिटे, किंवा तव्यावर मंद आचेवर, मोडल्यावर कट्कन आवाज येईपर्यंत. पीठ नाही, मळणे नाही. हा आम्हाला माहीत असलेला सर्वांत सोपा मासळी खाऊ आहे. मधला काटा कुरकुरीत होऊन चुरतो, तरी लहान पिल्लांना तो काढूनच द्या.

प्रश्न : पावसाळ्यात बिस्किटे दोन दिवसांत सादळतात, चौथ्या दिवशी बुरशी. डबा तर घट्ट आहे! (देवगड)

उत्तर : डबा घट्ट असल्यानेच, बहुधा. बिस्किटे कोमट असताना डबा बंद केला की त्यांची वाफ झाकणावर जमते आणि परत खाली पडते. पावसाळ्यात ओट्यावर गार करणेही चुकीचे, तेवढ्या वेळात ती हवेतली ओल ओढतात. बंद केलेल्या ओटीजीत, दाराला फट ठेवून, पूर्ण गार होऊ द्या आणि तिथूनच थेट डब्यात भरा. एका मोठ्या डब्यापेक्षा चार लहान बरण्या करा. रोज उघडली जाते ती एकच. तळाशी कोरड्या भाजलेल्या तांदळाची मलमलची पुरचुंडी ठेवा. औषधांच्या बाटल्यांतल्या ओल शोषणाऱ्या पुड्या ठेवू नका, खाऊचा वास लागलेली पुडी मांजर फाडते.

उन्हाळ्यात पूर्ण वाळलेली बिस्किटे बाहेर दहा दिवस राहतात. जून ते सप्टेंबर बाहेर ठेवूच नयेत. आठवड्यापुरती बरणी फ्रीजमध्ये, बाकी आठवड्या-आठवड्याच्या पुड्या करून फ्रीझरमध्ये. पुडी बाहेर काढल्यावर आतला गारवा जाईपर्यंत उघडू नका, नाहीतर थंड बिस्किटांवर दव धरते आणि सगळी मेहनत वाया. वीज बराच वेळ गेली तर वाळलेला खाऊ तग धरतो. मऊ खाऊ वितळून गरम झाला असेल तर टाकून द्या.

नुसती सादळलेली, वासाला ठीक असलेली बिस्किटे १०० अंशांवर १५ मिनिटे ठेवली की पुन्हा कुरकुरीत होतात. एका तुकड्यावर बुरशी दिसली तर मात्र सगळा डबा फेका. बुरशीचे विष भाजण्याने जात नाही, आणि जी बुरशी दिसत नाही ती शेजारच्या तुकड्यात असतेच. खवट वासालाही हाच नियम.

जून-जुलैत मासेमारी बंद असते तेव्हाच्या खाऊचे काय, असेही तुम्ही पुढे विचारले आहे. त्या दिवसांत बाजारात दिसणारा समुद्री मासा बराचसा बर्फात जुना झालेला किंवा दुरून आलेला असतो. मे महिन्यात कमी तेलाच्या माशाची बिस्किटे करून फ्रीझरमध्ये टाका, ती दोन महिने चांगली राहतात. बांगड्याची तितकी टिकत नाहीत, थंडीतही त्याचे तेल खवट होत जाते. किंवा खाडीचा ताजा मासा मिळाला तर तो घ्या. अगदीच नाही तर त्याच कृतीत वाफवलेली कोंबडी.

प्रश्न : कातताना चुरा होतो. कसेबसे भाजले तर खालून काळे, आतून मऊ. काय चुकते? (वेंगुर्ला)

उत्तर : या दोन वेगळ्या तक्रारी आहेत. चुरा होतो तेव्हा उकड नीट शिजलेली नसते, किंवा ती गार झाल्यावर गर मिसळलेला असतो. रसाला खळखळून उकळी हवी आणि पीठ घातल्यावर झाकणाखालची दोन मिनिटे चुकवायची नाहीत. जुन्या पिठाची भाकरीही फाटते, तशी ही पारीही फाटते. तेव्हा पीठ ताजे दळलेले घ्या. गर जाडसर राहिला तरी तुकडे तुटतात. मिक्सरला लावायचा तर नुसता गर लावा. उकडीसकट फिरवला तर चिकट लगदा होतो आणि तो लाटता येत नाही. एवढे करूनही जमले नाही तर एका अंड्याचा पिवळा बलक घाला आणि रस १५ मिली कमी करा.

खालून काळे, आतून मऊ हे सुरुवातीची आच जास्त असल्याचे लक्षण. वरचे कवच आधी कडक झाले की आतली ओल बाहेर पडत नाही. १८० ऐवजी १६० ठेवा, ट्रे मधल्या खाचेत, आणि खालचा रॉड फार तापत असेल तर दोन ट्रे एकावर एक. लाटताना जाडी सगळीकडे सारखी ठेवायला दोन्ही बाजूंना दोन पेन्सिली ठेवून त्यांवरून लाटणे फिरवा. काळे झालेले तुकडे मांजराला देऊ नका.

प्रश्न : तळलेली तुकडी किंवा कालवणातला मासा धुऊन त्याचा खाऊ केला तर? थोडा गूळ-खोबरे घालू का? (अलिबाग)

उत्तर : नको. कांदा आणि लसूण मांजराच्या तांबड्या रक्तपेशी फोडतात, आणि वाटणाचा रस माशात मुरलेला असतो. धुऊन फक्त वरचा मसाला जातो. हिरड्या फिकट, लघवी गडद, मांजर मलूल ही लक्षणे काही दिवसांनी दिसतात, तोवर कारण कोणाच्या लक्षातही राहत नाही. मासा मसाला लावण्याआधीच बाजूला काढा. गोड चव मांजराला कळत नाही. गोडाची चव ओळखणारे त्याचे जनुक निकामी आहे, हे २००५ साली शास्त्रज्ञांनी दाखवले. खोबऱ्याचे तेल पोट बिघडवते. दोन्ही आपल्यासाठी ठेवा.

प्रश्न : बोका चार किलोचा आहे. दिवसाला किती तुकडे द्यावेत? आता तर तो खाऊच मागतो, जेवण हुंगून निघून जातो. (मुरूड)

उत्तर : घरातच राहणाऱ्या, नसबंदी झालेल्या चार किलोच्या मांजराला दिवसाला साधारण २०० ते २५० कॅलरी लागतात. खाऊ त्याच्या दहाव्या हिश्शात बसला पाहिजे, म्हणजे २० कॅलरी. वर दिलेल्या बांगड्याच्या कृतीत एकूण ६०० च्या आत-बाहेर कॅलरी असतात आणि सेंटिमीटरभराचे साडेसहाशेच्या वर तुकडे पडतात. म्हणजे एका तुकड्यात एक कॅलरीही नाही. दिवसाला १५ तुकडे पुष्कळ झाले, २० ही हद्द. तुकडे मोठे पाडले तर हिशेब बदलतो : दोन सेंटिमीटरचा एक चौकोन म्हणजे चार तुकडे. सकाळीच मोजून वाटीत काढून ठेवा आणि घरातल्या सगळ्यांनी त्याच वाटीतून द्यावे. अनेक घरांत बोका प्रत्येकाकडून वेगवेगळा खाऊ वसूल करतो.

जेवण सोडले आहे तर खाऊ थोडे दिवस तुकडा म्हणून बंद करा. बरणीच्या तळचा भुगा चमचाभर त्याच्या जेवणावर भुरभुरा, वर दोन चमचे कोमट पाणी घालून कालवा. कोमट झाल्यावर वास उठतो आणि मांजर वासावर जेवते. आठ-दहा दिवसांत भुगा कमी करत जा. उपाशी ठेवून वठणीवर आणण्याचा हट्ट मात्र करू नका. मांजर, विशेषतः लठ्ठ मांजर, दोन-तीन दिवस उपाशी राहिले तर यकृतात चरबी साठून जिवावर बेतते. २४ तास काहीच खाल्ले नाही तर डॉक्टरांकडे न्या. आणि बोका आहे म्हणून हेही : लघवीला वारंवार बसतो, जोर करतो पण थेंबही येत नाही, असे दिसले तर त्याच दिवशी दवाखाना गाठा, रात्र असली तरी.

प्रश्न : खाऊ सुरू केल्यापासून मांजर मान आणि कान सारखे खाजवते. (दापोली)

उत्तर : आधी पिसवा पाहा, बारीक दातांच्या फणीने, शेपटीच्या मुळाशी. त्या नसतील तर मासाच कारण असू शकतो. मांजरांना ज्या अन्नाची ॲलर्जी जास्त आढळते त्यांत गोमांस आणि कोंबडीबरोबर मासा आहे. सगळा मासा थांबवा, तयार खाद्याच्या पाकिटावरही मासा आहे का पाहा, आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने आठ आठवडे वेगळे अन्न देऊन फरक पडतो का ते बघा. आठवडाभर थांबवून काही कळत नाही.

प्रश्न : आमच्या चौदा वर्षांच्या मांजराला मूत्रपिंडाचा त्रास आहे. रोज गोळी द्यावी लागते, ती थुंकते. माशाच्या खाऊतून देता येईल का? (सावंतवाडी)

उत्तर : मूत्रपिंडाच्या आजारात फॉस्फरस मर्यादेत ठेवावा लागतो, आणि तो माशात असतो, काट्यांत फार. म्हणून काटे वाटून केलेला खाऊ आणि सुके बोंबील तिला नकोत. काटे काढलेल्या माशाचा वाटाण्याएवढा गोळा रोज चालेल का, हे तिच्या डॉक्टरांना विचारून घ्या; बहुधा तेवढ्याला ते हो म्हणतील.

यासाठी भाजायची गरजच नाही. पहिल्या कृतीतला मासा आणि उकड दोन्ही शिजलेले असतात, म्हणून अंडे न घातलेला गोळा तसाच खाता येतो. लेप्याचा किंवा ढोम्याचा गर घ्या, गोळा थोडा मऊ ठेवा, वाटाण्याएवढ्या गोळ्या करून ताटलीत सुट्या गोठवा आणि मग पिशवीत भरा. देताना एक काढून तळहातात कोमट करा, औषधाची गोळी मधोमध दाबून तोंड बंद करा. ज्या बोटांनी औषध धरले त्यांनी बाहेरचा गोळा वळू नका, कडू वास लागतो आणि तिला तेवढा पुरतो. आधी एक रिकामा गोळा द्या, मग औषधाचा, आणि तिसरा तिला दिसेल असा हातात धरा. तिसऱ्याच्या ओढीने दुसरा न चावता गिळला जातो. औषध उपाशीपोटी द्यायचे आहे की अन्नासोबत, गोळी मोडलेली चालते का, हे आधी विचारलेले असावे. डॉक्सिसायक्लीनसारख्या गोळ्या अन्ननलिकेत अडकल्या तर तिथे जखम करतात, म्हणून अशी गोळी दिल्यावर सुई नसलेल्या सिरिंजने गालाच्या कडेने हळूहळू ५ मिली पाणी पाजा.